उताऱ्यानंतरची वीस सेकंदं

प्रिय मित्रा,

तुझ्या अ‍ॅनिमेशन फिल्मचा स्टोरीबोर्ड परवा मिळाला. एकदा सरळ पाहिला, मग संवाद झाकून नुसती चित्रं पाहिली. जत्रेचा भाग सुरेख उतरलाय. पाळण्याच्या फिरत्या सावल्या, रेवड्यांचे ढीग, आणि सरबताच्या गाड्यामागे पाठमोरा उभा राहून नाम्या लिंबू पिळल्याचं सोंग करतो ती जागा. त्याचा हात थरथरतो. ते थरथरणं तुला दिसलं, म्हणूनच हे पत्र एवढं लांबणार आहे.

माझी तक्रार शेवटच्या पॅनेलबद्दल आहे. नाम्याने आजीच्या पेटीतली मोहिनी घालणारी मुळी उगाळून सरबतात मिसळली आणि यमुनेला न सांगता पाजली. चार मिनिटं ती बांगड्यांचं दुकान उघडं टाकून त्याच्या मागेमागे फिरते. तिची आई हाका मारत राहते, गाव हसतं. मग औषध उतरतं आणि ती लाजून म्हणते, "मला तू आधीपासूनच आवडायचास." चित्र गोठतं, श्रेयनामावली सुरू होते. या एका वाक्याने तू नाम्याला सोडवलंस. यमुनेचं काय झालं हे मात्र तुझ्या गोष्टीत कुणी विचारत नाही, ती स्वतःसुद्धा नाही.

आवडत असेलही तो तिला. पण मग ते सांगायची वेळ तिची होती. कधी सांगायचं, कुठे सांगायचं, की जन्मभर मनातच ठेवायचं, हे तिने ठरवायचं होतं. ती वेळ नाम्याने सरबतात विरघळवली.

मोहिनीची गोष्ट लिहूच नकोस असं मी म्हणत नाही. समोरच्याचं मन आपल्याकडे वळावं म्हणून म्हणायचे मंत्र अथर्ववेदातही आहेत. ही हाव माणसाला पहिल्यापासून आहे, आणि माणसाला जे वाटतं ते गोष्टीत यायलाच हवं. पण आपल्याकडे हा विषय निव्वळ परीकथेतला नाही, हे विसरू नकोस. लोकलच्या डब्यात वशीकरणाच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात आणि त्यांखालच्या नंबरावर फोन करणारी माणसंही असतात. २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. तुझी फिल्म पाहणारं पोर घरी जाईल त्या डब्यातून.

आपल्या भाषेत 'भूल' हा शब्द आहे. मोहात पडणं म्हणजे भूल पडणं, आणि ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टर देतात तीही भूलच. मला हा शब्द फार प्रामाणिक वाटतो. दोन्हीकडे माणूस जागेवर असतो, पण त्याच्या अंगावर त्याची सत्ता नसते. फरक एवढाच की दवाखान्यात भूल देण्याआधी कागदावर सही घेतात. मोठ्या माणसांच्या जगात हे कायद्यानेही स्पष्ट लिहून ठेवलंय. गुंगी आणणारा पदार्थ देऊन, आपण कशाला हो म्हणतोय हे कळत नसताना मिळवलेली संमती ही संमती नव्हे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये हे होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही आहे. नाम्याने यमुनेला हातसुद्धा लावलेला नाही, मला ठाऊक आहे. तरी पेला कसा पाजला गेला ते बघ.

आता आपल्या कामाकडे येते, कारण ही गोष्ट आपल्या हातांना सगळ्यात आधी कळते. डिस्नेचे जुने अ‍ॅनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१च्या पुस्तकात बारा तत्त्वं मांडली, त्यातलं एक अँटिसिपेशन. कृतीच्या आधीची तयारी. उडी मारण्याआधी गुडघे वाकतात, चेंडू फेकण्याआधी हात मागे जातो. मी शिकवताना त्याला 'मनात येणं' म्हणते. पात्राच्या मनात काही आलं, हे आपण पापणीने दाखवतो. पापणी मिटते, बुबुळं सरकतात, मग मान वळते. पाव सेकंद, म्हणजे फार तर सहा फ्रेम्स. त्या गाळल्या तर पात्र हलतं, पण ठरवत नाही.

मोहिनीतलं पात्र रंगवताना आपण नेमक्या याच सहा फ्रेम्स गाळतो. पापणी लवत नाही, बुबुळांत गुलाबी चक्र फिरतं किंवा बदाम उमटतो, शरीर ओढल्यासारखं पुढे सरकतं. एखाद्या माणसाची इच्छा काढून घेतली की तो कसा दिसेल, त्याचं हे अचूक चित्र आहे. ते आपण स्वतःच्या हाताने रेखाटतो आणि वर त्याला ढोलकीची साथ देतो.

१९८९चा 'द लिटल मर्मेड' पुन्हा लाव. समुद्री चेटकीण उर्सुला जलपरी एरियलचा आवाज शिंपल्यात बंद करून दुसऱ्याच मुलीच्या रूपात किनाऱ्यावर येते, तेव्हा राजपुत्र एरिकची नजर बघ. तो चालतो, बोलतो, लग्नाला उभा राहतो, पण त्या चेहऱ्यामागे कुणी नाही. आपण घाबरतो, आणि घाबरायलाच हवं. मग तेच डोळे, तीच ओढल्यासारखी चाल नाम्यासारख्या गोड पोराने घडवून आणली की विनोद कशी होते? तुझ्या बोर्डात यमुना चिखलात घसरते आणि तशीच हसत उठते, तिथे मला हसू आलं नाही. मला तिच्या आईच्या हाका ऐकू येत होत्या. त्या हाका तू घातल्यास, म्हणजे तुलाही कुठेतरी ते टोचत होतं, असं मी धरून चालते.

१९९२च्या 'अलादिन'मध्ये दिव्यातला जिनी सुरुवातीलाच तीन गोष्टी नाकारतो. कुणाला मारणार नाही, कुणाला कुणाच्या प्रेमात पाडणार नाही, मेलेल्याला परत आणणार नाही. मधला नियम लेखकांच्या सोयीचाही आहे. तो नसता तर अलादिनने पहिल्याच इच्छेत राजकन्या जास्मिनला मागून घेतलं असतं आणि गोष्ट तिथेच आटोपली असती. पण त्या नियमामुळे जास्मिन माणूस म्हणून शिल्लक राहते. शेवटाकडे खलनायक जाफर नेमकी तीच इच्छा मागतो. जिनी 'जमणार नाही' असं सांगायला लागतो, तेवढ्यात जास्मिन प्रेमात पडल्याचं सोंग घेते, अलादिनला दिव्यापर्यंत पोचायला उसंत मिळावी म्हणून. मोहिनी पडलेल्या बाईचं चित्र तिथेही आहे, फक्त आत तिची अक्कल लखलखीत जागी आहे. आणि याच फिल्ममध्ये अलादिन राजपुत्र असल्याचं खोटं सांगून तिचं मन जिंकू पाहतो, ते त्याला महागात पडतं. हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहितेय. मुळी काढून टाकलीस आणि तिच्या जागी नाम्याला थाप मारायला लावलीस, तर काही सुटत नाही. थाप हे पाण्यात न मिसळावं लागणारं औषध आहे.

'श्रेक २'मध्ये पाजणाऱ्याचं मन फिरतं. फिओना ज्याचं पहिलं चुंबन घेईल त्याच्या प्रेमात पडावी, म्हणून तिच्या बापालाच, राजा हॅरॉल्डला, तिच्या चहात औषध द्यायला सांगितलेलं असतं. पुढे भर समारंभात राजपुत्र तिचं चुंबन घेतो आणि ती त्याला डोक्याने धडक मारते. तेव्हा कळतं की बापाने तो चहा तिला दिलाच नव्हता. हा रस्ता तुलाही घेता येईल, थरथरणारा हात तुझ्याकडे आहेच. पण मला वाटतं, तुझी गोष्ट पेला रिकामा झाल्यानंतरची आहे. म्हणून तुला एक अगदी छोटं उदाहरण दाखवायचंय.

'माय लिटल पोनी : फ्रेंडशिप इज मॅजिक' या मालिकेचा 'हार्ट्स अँड हूव्ज डे' हा भाग ११ फेब्रुवारी २०१२ रोजी दाखवला गेला. लहान मुलींसाठीची मालिका म्हणून तिकडे पाठ फिरवू नकोस. अ‍ॅपल ब्लूम, स्वीटी बेल आणि स्कूटालू या तीन पोरी. आपल्या लाडक्या शिक्षिकेला, चेरिलीला, जोडीदार नाही याचं त्यांना वाईट वाटतं. अ‍ॅपल ब्लूमचा थोरला भाऊ बिग मॅकिंटॉश त्यांना योग्य वाटतो. सहलीला भेट घडवून काही जमत नाही, मग एका पुस्तकातली कृती वाचून त्या प्रेमाचा काढा बनवतात आणि दोघांना पाजतात. दोघं एकमेकांना लाडिक नावांनी हाका मारत सुटतात, बाकी जग विसरतात. पोरी खूश. नंतर पुस्तक पुढे वाचल्यावर कळतं की हा काढा नव्हे, हे प्रेमाचं विष आहे. त्याच्यापायी पूर्वी एक राजपुत्र आणि राजकन्या एकमेकांच्या डोळ्यांत इतकी हरवली की राज्याची वाताहत झाली. उतारा एकच. दोघांनी तासभर एकमेकांच्या डोळ्यांत पाहायचं नाही.

इथे दुष्ट कुणी नाही. पोरींचा हेतू निर्मळ आहे, बाईंवर त्यांचं खरंच प्रेम आहे, आणि तरी केलेलं काम विषाचं ठरतं. काढा आणि विष यांत पातेल्यात काहीच फरक नव्हता, पोरींनी अर्धंच पान वाचलं होतं. उताराही पोरींनाच घडवून आणावा लागतो, घाम गाळून, दोघांना एकमेकांपासून लपवत गावभर धावत. शेवटी दोघं भानावर येतात, पोरींना माफी मागावी लागते, बिग मॅकिंटॉशची कामं त्यांच्या गळ्यात पडतात. आणि मग ती दोघं पोरींची फिरकी घेण्यासाठी मुद्दाम पुन्हा त्याच लाडिक नावांनी एकमेकांना हाक मारतात. शब्द तेच, पण आता ते दोघांचे स्वतःचे आहेत. तो भाग निर्दोष नाही. भारलेल्या दोघांच्या वेडेपणावर त्यात बराच वेळ नुसतं हसवलंय. पण वीस-बावीस मिनिटांत त्यांनी भानावर आलेल्यांसाठी जागा ठेवली.

औषध, शाप, नशा या गोष्टी कथेत बहुतेक वेळा एका कामासाठी येतात. आवडत्या पात्राचा दोष उचलून दुसरीकडे ठेवायला. महाभारताच्या आदिपर्वातला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि तरी भरसभेत नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, राजा निर्दोष झाला. तुझ्या वयात मला कालिदासाचा याबद्दल राग यायचा. मग पुष्कळ वर्षांनी 'शाकुंतल'चा सहावा अंक सावकाश वाचला. अंगठी सापडून आठवण परतल्यावर राजा वसंतोत्सव बंद करवतो. तिचं चित्र काढतो, चित्रातल्या तिच्याशी बोलतो, जवळचे लोक त्याला सांभाळून घेत राहतात. ज्याच्यावर शाप पडला होता त्याला, शाप उतरल्यानंतर, कालिदासाने अख्खा अंक दिलाय. यमुनेला तू एक ओळ दिलीस, आणि ती ओळही नाम्याच्या कामाची आहे.

हे सगळं मी तुला एवढ्या जोरात सांगतेय त्यामागे माझी एक चूक आहे. फार वर्षांपूर्वी मुलांच्या एका मालिकेचा असाच भाग माझ्याकडे होता. मुळीऐवजी अत्तर होतं, बाकी सगळं हेच. अंमल उतरल्यावर ती मुलगी पायरीवर बसून स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहते, असा वीस सेकंदांचा प्रसंग मी काढला होता. तेवढा एकच प्रसंग विनोद नसलेला. भाग लांबीला जास्त होत होता, आणि कापायला हाच सगळ्यात सोपा आहे असं मला सांगण्यात आलं. मी एका शब्दाने वाद घातला नाही. त्याच दुपारी कापून दिला. पुढच्या भागात ती मुलगी काहीच न घडल्यासारखी हसत आली. ती हसत येते ते पहिलं पॅनेलही माझ्याच हातचं होतं. ते मला आजही आठवतं आणि आजही बरं वाटत नाही.

तर शेवटचं पॅनेल फाडून टाक आणि तिथून पुढे वीस सेकंदं मोकळी धर. लांबी वाढत असेल तर चिखलातला प्रसंग काप. यमुना बांगड्यांच्या दुकानाशी परत आली आहे एवढंच मला माहीत आहे. दुकान उघडं राहिलं होतं, तेव्हा काही बांगड्या फुटल्या असतील, काही गेल्या असतील. आई काहीतरी विचारेल किंवा मुद्दाम विचारणार नाही. सरबताचा पेला अजून तिच्या हातात असू शकेल. नाम्या समोर उभा असेल, आणि या वेळी त्याला तोंड उघडून सांगावं लागेल की त्यात काय मिसळलं होतं. ती चिडेल, रडेल, गप्प बसेल, की काच वेचत राहील, ते मी सांगणार नाही. ती चिडल्यावरही तो तिला आवडत राहिला तर मला त्याचं वावगं नाही. ते तिच्याशी बोलून तू ठरव.

सुरुवात मात्र तिच्या पापणीपासून कर. गेली चार मिनिटं ती लवलेली नाही.

रविवारी दुपारनंतर मी घरीच आहे. कच्च्या पेन्सिलीतलं चालेल, टाइमिंग आपण बसून लावू.

तुझी,
ताई