हार्टचा डॉक्टर खरंच कार्डिओलॉजिस्ट आहे का, कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की दादरच्या क्लिनिकबाहेर पाटीवर नावापुढे सात-आठ डिग्र्या लिहिल्यात, त्यातलं नेमकं बघायचं काय. सोप्पंय, डीएम कार्डिओलॉजी किंवा डीएनबी कार्डिओलॉजी (हिला आता डीआरएनबी म्हणतात) शोधा. एमबीबीएस, मग एमडी मेडिसिन ३ वर्षं, मग त्यावर डीएम अजून ३ वर्षं, म्हणजे माणूस तिशी गाठतो तेव्हा कुठे कार्डिओलॉजिस्ट होतो. नुसतं एमडी मेडिसिन असेल तर तो फिजिशियन, वाईट नाही हां, बीपीच्या गोळ्या तोही नीट देतो, पण अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी आतून नळी घालून उघडणं, त्याचं काम नाही. आणि बायपास करतो तो सर्जन, त्याची डिग्री एमसीएच, लोक इथेच घोळ घालतात.

एफएसीसी, एफईएससी वगैरे शेपट्या म्हणजे परदेशी संस्थांची फेलोशिप, मान असतो त्याला पण ती काही डीएमच्या जागी चालत नाही.

माझ्या बाबांच्या वेळी मी काय केलं, प्रिस्क्रिप्शनवर खाली बारीक अक्षरात रजिस्ट्रेशन नंबर असतो ना (तो छापणं बंधनकारकच आहे), तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकला, दोन मिनिटांत कळलं. बाबा म्हणाले, लग्न जुळवतोयस का रे!

आणि खाजगीत स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) सांगितलाय नि मन खात असेल तर केईएम किंवा सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांच्या ओपीडीत अँजिओग्राफीची सीडी घेऊन जा, सकाळी लवकर, रांग मोठी असते, पण दुसरं मत मिळतं.