मृगाआधी गवत नाही

बाबू,

काल बेसाच्या त्या प्लॉटवर तू चेक खिशात घालून मला विचारत होतास, "काका, चार हजार फूट लॉन आहे, वास्तू पंधरा मेची. घेऊ का काम?" मालक बाजूलाच उभा होता म्हणून मी नुसतं हं हं केलं. रात्री झोप लागेना, म्हणून लिहून राहिलो.

मृगाआधी गवत लावायचं नाही. झालं उत्तर. पुढचं वाटलं तर वाच.

तुला हे ठाऊक नाही असं थोडंच आहे? ॲग्रीची डिग्री आहे, महाराजबागेच्या शेजारी चार वर्षं काढलीस. दूब, म्हणजे हरळी, कशी मूळ धरते ते तूच मला शिकवशील. तुझा घोटाळा पैशाचा आहे. एप्रिल-मेमध्ये काम नाही, चार पोट्टे तुझ्या भरवशावर बसलेत, मशीनचा हप्ता आहे, आणि अशात कोणी चेक घेऊन दारी आला तर नाही काऊन म्हणायचं? समजतं मला. पण आधी पाण्याचा हिशेब कर. चार हजार फुटांवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे पावणेचार हजार लिटरच्या आसपास. मे महिन्यात नव्या लॉनला रोज जवळपास तेवढं लागतं. म्हणजे दिवसाआड नाही, रोज टँकर. त्याचे पैसे तुझ्या कोटेशनमध्ये आहेत का? मी पाहिलं, नाहीत.

आता माझं ऐक. २०१३. त्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, आठवत असेल, तू शाळेत असशील. काटोल रोडकडचं एक लग्नाचं लॉन होतं. (आपल्या नागपुरात लॉन म्हटलं की लोकांना गवत आठवत नाही, बुफे आठवतो.) मालक म्हणाला, महिनाअखेरीस मोठं लग्न आहे, हिरवंगार पाहिजे. मी हो म्हटलं. सिलेक्शन वन जातीच्या गवताचे गड्डे आणून मेच्या पहिल्या आठवड्यात लावले. दहा दिवसांत रंग पोत्यासारखा झाला. पाइप दिवसभर उन्हात पडलेला. नळ सोडला की पहिलं पाणी असं निघायचं की त्यात हात धरवत नव्हता, आणि तेच आम्ही मुळांवर सोडत होतो. पाणी थंड होईस्तोवर बादलीत सोडावं, एवढंही मला तेव्हा सुचलं नाही. लग्नाच्या दिवशी त्यांनी वरून हिरवं मॅटिंग अंथरलं. माझा चेक अडकला तो अडकलाच.

चेकचं दुःख मी सगळ्यांना सांगतो. दुसरी गोष्ट सांगत नाही. तुमसरकडचा एक माणूस होता माझ्याकडे, सहा वर्षं. गवत कोमेजताना पाहून मी त्याला भर दुपारी दोन वाजता पाइप धरून उभं केलं. डोक्याला दुपट्टा होता, खिशात कांदा होता, तरी ऊन लागलं. आठ दिवस मेडिकल हॉस्पिटलमध्ये. बरा झाला, गावी गेला, तो परत आला नाही. मीही त्याला घ्यायला गेलो नाही. गवताचं काय, दोनशे रुपयांचं पुन्हा लावता येतं.

म्हणून म्हणतो, मृगाआधी नाही. आणि मृग म्हणजे पंचांगातला नाही, पडलेला. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्यावर कुठे येतो, निम्मं नक्षत्र कोरडंच जातं. पहिल्या सरीवर नाचत नर्सरीत जाऊ नको. दोन चांगले पाऊस होऊ दे, भेगा बुजू दे.

या हट्टापायी मी बरंच घालवलं, तेही सांगतो. एका मोठ्या टाउनशिपचं काम गेलं. माझ्याच हाताखाली शिकलेला एक जण आज मे महिन्यात तयार गवताच्या गुंडाळ्या अंथरून देतो, दोन पिकअप आहेत त्याच्या. मी मुद्दाम जाऊन पाहिलं एकदा, चपला काढून चाललो त्यावर. हिरवं होतं. घरी येऊन बायकोला म्हटलं, ऑगस्टमध्ये पाहा याचं काय होतं ते. ऑगस्टमध्ये मी गेलो नाही. तेव्हाही हिरवं निघालं असतं तर काय करणार होतो, सांग?

तरीही नाही.

मग उन्हाळ्यात करायचं काय? माती. माती विकायला शीक बापा! आपली काळी माती उन्हात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात चिखल धरून बसते. मेमध्ये फूटभर खोदून उघडी टाक, तापू दे. नागरमोथा या तणाच्या गाठी वर येतात, त्या हातानं वेच. वरची पात ओढून काढलीस तर खालची काळी गाठ तशीच राहते आणि जुलैत एकाच्या दहा होतात. तळाला मुरूम, पाण्याला उतार, उताराच्या टोकाला बाहेर जायची वाट. मातीत रेती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत. कच्चं घातलंस तर मुळं खाणारी हुमणी अळी तू स्वतः पोसलीस असं समज. या सगळ्याचं वेगळं बिल. मालक म्हणेल, खड्ड्याचे पैसे? म्हण, हो, खड्ड्याचेच.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा त्या भागातली माझी दोन लॉन गाळाखाली गेली. ज्याला उतार दिला होता तिथलं पाणी लवकर उतरलं, गाळ खरवडला, आणि दिवाळीपर्यंत गवत उठलं. दुसऱ्याचं नाही. तिथे मी मालकाच्या आग्रहाखातर मेमध्ये घाईनं लावलं होतं. हो, २०१३ नंतरही. एकदाच.

पावसाळ्याचं तुला येतंच. कापताना पातीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त घ्यायचा नाही, उन्हाळ्यात उंच ठेवायचं, संध्याकाळी पाणी नाही. पहिल्या पावसानंतर रात्री कडुलिंबाखाली टॉर्च घेऊन उभा राहा. हुमणीचे भुंगेरे फांदीवर लटकलेले दिसतील. फांद्या हलव, खाली रॉकेलच्या पाण्याचं घमेलं. अडचण माणसांची आहे. जुलैत तुझं काम जोरात आणि त्याच वेळी भंडारा-गोंदियाचे पोट्टे धानाच्या रोवणीला जाणार. जाऊ दे. अडवशील तर कायमचे जातील. मेमध्ये काम नसताना ज्यानं मजुरी दिली, त्याच्याकडे ते पंधरा दिवसांत परत येतात. त्यासाठीच वर्षाचा ठेका बारा सारख्या हप्त्यांत बांध; मेचा हप्ता आणि ऑगस्टचा हप्ता एकच.

हिवाळ्याबद्दल काय लिहू? अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्समध्ये पिटुनिया आणि डेलियाच्या कुंड्या लागतात. डिसेंबरमध्ये इथे कोणीही माळी असतो.

बेसाच्या मालकाला उद्या फोन कर. वास्तूला भाड्यानं साठ-सत्तर कुंड्या लावून देतो म्हण, मातीचं काम आत्ता, गवत जुलैत. चेक परत मागितला तर देऊन टाक. आणि मला सकाळी आठच्या आत फोन करू नको, मी पाणी सोडत असतो.

काका