स्वेटर नाही, मग ती विणते काय?

पत्र : मुलगी बारावीला आहे. अभ्यास झाला की सुया घेऊन बसते. स्वेटर नाही, मोजे नाहीत, नुसता पट्टा वाढवत नेते. 'हे माझं चित्र आहे' म्हणते, पुढेही हेच करायचं म्हणते. गोव्यात लोकर घालणार कोण? – एक आई, फोंडा

ताई, नमस्कार.

तुम्ही पाठवलेला त्या पट्ट्याचा फोटो मी मोठा करून बराच वेळ पाहिला. खालचा वीतभर भाग इतका घट्ट, की सुई शिरली कशी असं वाटावं. वर वीण सैल होत गेलीय आणि मध्येच एक टाका सुटून शिडीसारखा खाली उतरलाय. आजी बांबोळीला ॲडमिट होत्या तेव्हाचा तो घट्ट भाग, हे फोटोसोबत तुम्हीच लिहिलंय. सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर घेणं तिला सहज जमलं असतं. तिने तो तसाच ठेवला. हे चित्रच आहे, ताई.

आता पोटापाण्याचं. एक शाल विणायला आठवडे जातात आणि तेवढ्या तासांचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. म्हणून 'टोपड्यांच्या ऑर्डरी घे' असं तिला सांगू नका. हात दुखतील आणि हा पट्टाही थांबेल. निफ्टमध्ये (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत) निटवेअर म्हणजे विणलेल्या कपड्यांच्या डिझाइनची पदवी आहे, पण तिथला भर कपड्यांवर आणि उद्योगावर. तिला कपडे करायचेत का, आधी विचारा. मला तसं वाटत नाही.

माझा कल पणजीत आल्तिनोला असलेल्या गोवा कला महाविद्यालयाकडे आहे, तेही चित्रकलेकडे. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) बडोद्याला चित्रकलाच शिकल्या आणि पुढे रंगवलेल्या दोरांना हाताने गाठी मारत माणसापेक्षा उंच शिल्पं उभी केली. त्यांच्या कामाचे फोटो तिला दाखवा. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, तिथेही घेऊन जा. पदवी असली की कलाशिक्षकाच्या नोकरीची वाट राहते, आणि घर चालवायला ती लागेल हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा.

लोकरीचं म्हणाल, तर सुती दोरा देऊन बघा. तो लोकरीसारखा ताणत नाही, हात वेगळा चालेल. प्रत्येक तुकड्याला तारखेची चिठ्ठी लावायला सांगा. प्रवेशाच्या वेळी दाखवायला होईल.

तो सुटलेला टाका मात्र अजून खाली उतरू शकतो. तिला विचारून त्यात एक सेफ्टी पिन अडकवून ठेवा.