विमानाच्या पुढच्या भागातली केबिन कशी आखतात? इंटिरिअर डिझायनरला त्यात काम मिळेल का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुम्ही फ्लॅट आणि दुकानांची इंटिरिअर्स करता, आणि विमानाचा पुढचा भाग म्हणजे शेवटी एक लांबट हॉलच: बारा सीट, एक टॉयलेट, एक पॅन्ट्री आणि कोट ठेवायला एक कपाट, एवढंच बसवायचं. त्या कपाटाशी मी थांबले आणि लिहायला बसले.

मी नऊ वर्षं हे काम केलं. सहा वर्षं पुण्यात एका इंजिनिअरिंग सर्व्हिसेस कंपनीत आणि तीन हाम्बुर्गला. बहुतेक काळ ए320 वर, म्हणजे एअरबसच्या एका आयलच्या (मधल्या वाटेच्या) विमानावर, त्यातही पहिल्या दारापासून बिझनेस क्लासच्या पडद्यापर्यंतच्या तुकड्यावर.

हॉलमध्ये आपण आधी सोफा ठेवतो, मग टीव्ही, आणि उरलेल्या जागेतून माणसं वाट काढतात. इथे वाट आधी आखायची. ए320 चं पुढचं डावं दार 81 सेंटिमीटर रुंद असतं. निम्मी दारं उघडलीच नाहीत असं धरूनही सगळं विमान 90 सेकंदांत रिकामं झालं पाहिजे. म्हणून दारापासून मधल्या वाटेपर्यंत 20 इंच मोकळे ठेवायचे. क्रूला दाराशी उभं राहून माणसं बाहेर काढता यावीत यासाठी जमिनीवर 12 बाय 20 इंचांचा तुकडा रिकामा सोडायचा. मधली वाट, म्हणजे आयल, जमिनीपासून 25 इंच उंचीपर्यंत किमान 15 इंच आणि त्याच्या वर किमान 20 इंच. क्रूची घडीची सीट दाराजवळ हवी आणि तिच्यावर बसलेल्याला केबिन थेट दिसली पाहिजे. कागदावर हे सगळं आधी येतं. मग गॅली, म्हणजे तुमची पॅन्ट्री, आणि टॉयलेट, आणि मग जे उरेल त्यात सीटा.

गॅली, टॉयलेट, कपाटं, पार्टिशन यांना आमच्या धंद्यात मॉन्युमेंट म्हणतात. ए320 मध्ये कॉकपिटला पाठ लावून डावीकडे टॉयलेट आणि उजवीकडे गॅली, ही नेहमीची मांडणी. उजव्या दारातून खाण्याच्या ट्रॉल्या चढतात, डाव्या दारातून प्रवासी, म्हणून गॅली उजवीकडे. भरलेली ट्रॉली शंभर किलोच्या आसपास जाऊ शकते, आणि नियम सांगतो की प्रत्येक मॉन्युमेंटने पुढच्या दिशेने 9 जी, म्हणजे वजनाच्या नऊपट ओढ, सहन केली पाहिजे. म्हणजे आपटण्याच्या क्षणी ती एक ट्रॉली 900 किलोंसारखी ओढणार. तो भार जमिनीतल्या आणि छताजवळच्या ठरलेल्या जोडांमधूनच विमानाच्या सांगाड्यात गेला पाहिजे. तुमच्या मनात येईल तिथे कपाट उभं करता येत नाही.

पहिल्या रांगेसमोर पाय पसरायला इतकी जागा का सोडतात, असंही तुम्ही विचारलंय. ती पायांसाठी नसते, डोक्यासाठी असते. सीटची चाचणी 16 जी च्या झटक्याने होते. पट्टा बांधलेल्या माणसाचं डोकं कंबरेपासून गोलाकार पुढे येतं, आणि त्या घेऱ्यात भिंत असेल तर कवटीला बसणारा मार मोजून मर्यादेत दाखवावा लागतो. म्हणून भिंत साधारण 35 इंचांपलीकडे न्यायची, नाहीतर पट्ट्यात एअरबॅग घालायची. एअरबॅगचे पैसे वाचवायचे तर जागा द्यावी लागते, जागा वाचवायची तर पैसे. सीटा ज्या रुळांवर बसतात त्यांना दर इंचाला एक भोक असतं, म्हणून एकेका इंचाने सीट सरकते. त्या एकेका इंचावरून आमची खूप भांडणं झाली आहेत.

रंग, कापड, लॅमिनेट हा भाग तुमच्या ओळखीचा. त्याला मी मांडणी म्हणत नाही, आणि तेसुद्धा मोकळं नाही. भिंतीचं पॅनेल जळताना किती उष्णता सोडतं याची चाचणी असते आणि नव्या विमानांत 1990 पासून ती मर्यादा फार कडक आहे. घरचं सनमायका किंवा सागवान तिथे चालत नाही. तुम्ही ज्या महाराजाच्या जंबोचं कौतुक केलंय त्या 1971 च्या एअर इंडियाच्या 747 मध्ये वरच्या मजल्यावर लाउंज होतं. त्या विमानाची रुंदीच वेगळी होती. ए320 ची केबिन आतून सर्वांत रुंद जागी 3.70 मीटर आहे, आणि पुढच्या दाराशी नाकाकडे निमुळती होत जाते.

आता कपाट.

माझे बाबा सांगलीचे, एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं. 2014 मध्ये त्यांना अर्धांगवायू झाला. डावा पाय ताठ राहिला, गुडघ्यात वाकायचाच नाही. 2016 मध्ये गणपती झाल्यावर मी त्यांना मुंबईहून दिल्लीला भावाकडे घेऊन निघाले. एरोब्रिजपर्यंत विमानतळाच्या मोठ्या व्हीलचेअरवर आले. विमानाच्या दाराशी त्यांना आयल चेअर नावाच्या अरुंद खुर्चीवर बसवलं. आयल खाली 15 इंचच असू शकते म्हणून ती खुर्ची त्याहूनही अरुंद असते, अंगावर पट्टे बांधून बसवतात. दारातून खुर्ची आत गेली आणि उजवीकडे शेपटीच्या दिशेने वळवायची वेळ आली. विमानाच्या डाव्या बाजूला, दाराच्या लगेच मागे, कोटाचं कपाट. समोर उजव्या बाजूला पार्टिशन. सरळ नेऊन वळवावं तर बाबांचा ताठ पाय पार्टिशनला लागायचा. पाय वाचवायला आधीच वळावं तर खुर्चीची मागची बाजू कपाटाच्या कोपऱ्यात अडकायची. दोन पोरं होती, दोघंही चांगली होती, त्यांनी चार वेळा प्रयत्न केला. माझ्यामागे एरोब्रिजभर लोक उभे. शेवटी एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने मांड्यांखाली, आणि उचलून चौथ्या रांगेत नेलं. शर्ट वर सरकला होता. सीटवर टेकवल्यावर बाबांनी चांगल्या हाताने तो आधी खाली ओढला, मग माझ्याकडे बघितलं.

दिल्लीला रात्री जेवताना म्हणाले, "पोतं टाकल्यासारखं टाकलं गं मला." पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. त्यानंतर विमानातही बसले नाहीत, आम्ही परत रेल्वेने आलो.

ते विमान आमच्या कंपनीच्या कामातलं नव्हतं. पण तसंच कपाट आदल्या वर्षी मी स्वतः काढलं होतं, दुसऱ्या एका एअरलाइनसाठी. त्याच जागी, तशाच काटकोनी कोपऱ्याचं. दाराशी उभी असताना मला ड्रॉइंगवरची मापं आठवत होती.

2017 मध्ये पुन्हा तसंच काम आलं. बिझनेसच्या बारा सीटा, दोन-दोनच्या तीन रांगा, आणि दारामागे कपाट. साध्या पार्टिशनपेक्षा कपाटाची आतली कड चार इंच जास्त आत येत होती. नियमातले 20 इंच बरोबर शिल्लक राहत होते, एक सूतही जास्त नाही. मी टीम लीड सरांना म्हटलं, "इथून आयल चेअर वळणार नाही."

"नियमात बसतंय?"

"बसतंय."

"मग विषय संपला."

मी संपू दिला नाही. एका शनिवारी आम्ही तिघांनी कर्वे रोडवरच्या दुकानातून फ्रिजचे मोठे खोके आणले आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये पुढची केबिन उभी केली. जमिनीवर खडूने दार, पुठ्ठ्याचं कपाट, पुठ्ठ्याचं पार्टिशन. चाकांच्या खुर्चीचे हात काढून ती अरुंद केली. आमच्यातल्या सगळ्यांत उंच पोराला बसवलं आणि त्याच्या गुडघ्यामागे लाकडी पट्टी बांधली. अकरा वेळा वळवून बघितलं, एकदाही वळली नाही. मग मी कटर घेतला आणि कपाटाचा दाराकडचा कोपरा तिरका कापला, दोन्ही बाजूंनी पाच-पाच इंच. पुढच्याच फेरीला खुर्ची वळली. पायाला आणि पार्टिशनला दोन बोटांचं अंतर होतं.

सोमवारी फोटो आणि मापं घेऊन सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं आणि विचारलं, "कोपरा कापला तर आत कोट किती मावतील?" कोट लटकवायची दांडी आखूड होत होती. मी म्हटलं, दहा. ते म्हणाले, "बारा सीट, बारा कोट. कस्टमरने लिहून दिलंय." कस्टमर म्हणजे एअरलाइन. मी म्हटलं, बाराच्या बारा जण एकाच दिवशी कोट काढून देतील असं कधी होतं का, आणि व्हीलचेअरवरचा माणूस येतो तेव्हा त्याला तर दुसरा रस्ताच नसतो. ते म्हणाले, व्हीलचेअरचा माणूस कस्टमरच्या यादीत नाही. ड्रॉइंग बारा कोटांचंच गेलं. त्यावर तयार करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव आहे.

तुम्ही विचारता मांडणी कशी ठरते. अशी ठरते. कस्टमरच्या यादीत जे लिहिलंय ते येतं, नियमात जे लिहिलंय ते येतं, आणि दोन्हीत नसलेला माणूस दाराशी अडकतो. नियम म्हणजे किमान माप. 20 इंच ठेवले की काम चांगलं झालं असं म्हणणारा डिझायनर मी मानत नाही. नियम बदलतात, पण फार हळू. अमेरिकेने मोठ्या, दोन आयलच्या विमानांत अपंगांना वापरता येईल असं टॉयलेट 1990 च्या नियमाने आणलं, आणि एका आयलच्या विमानांसाठी तोच निर्णय यायला 2023 उजाडलं. तोसुद्धा 125 किंवा जास्त सीटांच्या नव्या विमानांना, आणि लागू होणार पुढच्या दशकात. तोवर ए320 मध्ये मागच्या दोन टॉयलेटांमधली भिंत सरकवून एक मोठं करण्याची सोय काही एअरलाइन्स घेतात. पुढचं टॉयलेट मात्र व्हीलचेअरवाल्या माणसाला नसल्यासारखंच असतं.

सरांच्या बाजूने जे खरं आहे ते लिहायला हवं. मी कोपऱ्याचा विषय काढला तेव्हा डिझाइन गोठवलं गेलं होतं. कोपरा कापला की पॅनेलचे जोड बदलतात, 9 जी ची सगळी गणितं पुन्हा करावी लागतात, साचे बदलतात, आणि तारीख पाळली नाही तर दंड कंपनीला. हाच कोपरा मी सुरुवातीच्या आराखड्यात, म्हणजे सगळ्या सीटा आणि मॉन्युमेंट दाखवणाऱ्या लोपा नावाच्या नकाशावर मागितला असता, तर त्याला एका रेघेचा खर्च होता. आणि कपाट निरुपयोगी नसतं. ऑक्सिजनची बाटली, अग्निशामक, मेगाफोन असल्या आणीबाणीच्या सामानाला दाराजवळ जागा लागतेच, ती बऱ्याचदा अशा कपाटातच काढतात. तरीही दोन कोटांसाठी तो कोपरा ठेवायला नको होता, हे माझं मत आजही तेच आहे.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे. इंटिरिअर डिझायनरला काम मिळतं, पण बहुतेक वेळा रंग-कापड-प्रकाशयोजनेच्या बाजूला, डिझाइन स्टुडिओत. मांडणीच्या बाजूला मेकॅनिकल किंवा एरोनॉटिकलवाल्यांना घेतात. सॉफ्टवेअर कॅटिया, त्यात थ्रीडी ड्रॉइंग करतात. ते शिकाच, पण शिकलात म्हणून नोकरी मिळेल असं समजू नका, पुण्या-बंगळुरात कॅटिया येणारी हजारो मुलं आहेत. सीटांची आणि दारांची प्रमाणन नियमावली, अमेरिकेची भाग 25, इंटरनेटवर फुकट आहे. ती वाचलेला उमेदवार मला मुलाखतीत क्वचित भेटला. हाम्बुर्गला दरवर्षी विमानाच्या इंटिरिअरचं मोठं प्रदर्शन भरतं, जमलं तर बघा. तिथे सगळे बिझनेसच्या सीटवर आडवे होऊन फोटो काढतात. तुम्ही दाराशी उभे राहा आणि आयल चेअर कुठून वळणार ते विचारा. मी तीन वर्षं विचारलं. दोन स्टॉलवर उत्तर मिळालं.

पोर्टफोलिओसाठी काय करू, असंही तुम्ही विचारलंय. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली चकचकीत चित्रं, पाठवू नका. फ्रिजचे खोके आणा, दारापासून पहिल्या रांगेपर्यंतची जागा खऱ्या मापात उभी करा, घरातल्या कुणाला तरी खुर्चीवर बसवून एक पाय ताठ बांधा आणि वळवून बघा. व्हिडिओ काढा. मापं मला मेसेजमध्ये पाठवलीत तर मी तपासून देईन. कपाटाचा कोपरा मात्र आधीच कापून ठेवा.