आई-बाबा मेल्याशिवाय शक्ती येत नाही?

प्रश्न : माझा सात वर्षांचा नातू सुट्टीत सुपरहिरोंच्या ॲनिमेशनमधल्या जन्मकथा एकामागून एक बघतो. परवा वरणभात कालवताना त्यानं विचारलं, "आजी, आई-बाबा मेल्याशिवाय सुपरहिरो होता येत नाही का?" सूनबाई म्हणतात, टीव्हीच बंद करू. काय करावं? — एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : टीव्ही राहू द्या. पोराची नजर तल्लख आहे, आधी त्याबद्दल शाबासकी द्या.

आई-बाबांना गोष्टीतून काढण्यात लेखकाची सोय असते हो! आई घरात असली, की रात्री अकराला खिडकीतून उडी मारणाऱ्याला "कुठं निघालास? दूध संपव आधी" हे ऐकावंच लागणार. मग जग कधी वाचवायचं? १९३८ साली सुपरमॅन आला तेव्हा ग्रह नष्ट होणं, बाळाला यानात घालून धाडणं, सगळं एका पानात उरकलं होतं. बॅटमॅनची तर गंमतच. १९३९ च्या मेच्या अंकात स्वारी मुखवट्यासह हजर, आणि आई-बाबांचा खून वाचकांना कळला नोव्हेंबरच्या अंकात. मुखवटा आधी शिवला, दुःख मागाहून बेतलं.

आता नातवाच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर. १९६२ सालच्या स्पायडरमॅनला कोळी चावला तेव्हा त्याचे काका ठणठणीत होते. अंगात शक्ती आली, पोरगं शेफारलं, समोरून पळणारा चोर त्यानं जाऊ दिला आणि त्याच चोरानं पुढे काकांना मारलं. म्हणजे काका गेल्यानं शक्ती आली नाही, अक्कल आली. सुपरमॅनची शक्ती जन्माचीच. बॅटमॅनकडे शक्ती नाहीच, पैसा आहे. (हे शेवटचं त्याला एवढ्यात सांगू नका.)

आई-बाबा जिवंत असलेलं काही दाखवायचं, तर 'द इनक्रेडिबल्स' (२००४) बघा. अख्खं कुटुंबच शक्तिमान आहे आणि जेवणाच्या टेबलावर आपल्यासारखंच भांडतं. किंवा २०१८ च्या 'स्पायडरमॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स' या ॲनिमेशनपटातला स्पायडरमॅन माइल्स. त्याचे वडील पोलीस, आई नर्स, दोघंही शेवटपर्यंत शाबूत. काका मात्र त्यातही जातो, तेव्हा सोबत बसा.

आणि अप्पा बळवंत चौकातून एक चित्रकलेची वही आणून द्या. त्याला स्वतःचा हिरो काढू दे. अट एकच : आई-बाबा शेवटच्या पानापर्यंत हवेत. माझ्या शेजारच्या चिमुरडीनं या अटीवर काढलेली हिरॉइन खडकवासल्यातून पाणी सोडलं, की बुडालेला भिडे पूल एका हातानं उचलून धरते. लकडी पुलावरून आई ओरडते आहे, "दुसऱ्या हातात छत्री धर!"