एनएसएसमधले (राष्ट्रीय सेवा योजनेतले) कॉलेजचे विद्यार्थी दुसरी-तिसरीच्या मुलांना वाचायला शिकवू शकतात का?

हो, नक्की शिकवू शकतात, त्यासाठी डी.एड. झालेलं असायची गरज नाही. मी स्वयंसेवक असताना जिल्हा परिषद शाळेत हेच काम केलं. एनएसएसला वर्षाला 120 तास भरायचे असतात. कार्यक्रम अधिकारी आणि मुख्याध्यापकांनी आधी होकार दिला तर हे काम त्यात धरता येतं. पहिल्या दिवशी इयत्ता विचारू नका, मूल कुठे अडतं ते बघा. 'प्रथम' ही संस्था मुलांना किती वाचता येतं ते बघायला 'असर' नावाची पाहणी करते, तिच्यातल्या पायऱ्या सोप्या आहेत: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. तिसरीतलं मूल काना-मात्रेलाच अडत असेल तर त्याला धडा वाचायला लावू नका. चार-पाच जणांचा गट करा, आधी तुम्ही शब्दांवर बोट ठेवत मोठ्याने गोष्ट वाचा, मग त्यांना वाचू द्या. चुकलं तर लगेच सांगू नका, जरा थांबा. पुष्कळदा मूल स्वतःच सावरतं, आणि तेव्हाचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो! फक्त हे एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरापुरतं करू नका. वाचन यायला महिने लागतात, आणि लळा लागलेली ताई आठव्या दिवसापासून आलीच नाही की मुलं खट्टू होतात.