चांगलं शिक्षण सगळ्यांना मिळावं म्हणून आधी काय करावं?

तुम्ही विचारलंय, भारतासारख्या विकसनशील देशात गरिबाच्या मुलांपर्यंत दर्जेदार शिक्षण न्यायचं तर सुरुवात कुठून करावी. नागपूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर माझी सगळी नोकरी झाली. आता निवृत्त आहे, संध्याकाळी पारडीकडच्या एका वस्तीत पोरं घेऊन बसतो. माझं मत विचाराल तर तिसरी ते पाचवीच्या मुलांना रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे बसवा. टॅब आणि स्मार्ट टीव्ही मागाहून आले तरी चालेल.

पोरांची नावं शाळेत घालण्याचं काम बरंचसं झालंय. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, पटावर जवळपास सगळी पोरं आहेत. गाडी अडते ती वाचनावर. 'असर' म्हणजे गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणारी पाहणी; तिच्यात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०२२ मध्ये २०.५ टक्के होती, २०२४ मध्ये २७.१. सुधारणा आहेच, पण चारातली तीन पोरं अजून मागेच.

आमच्याकडे येणारा एक पाचवीचा मुलगा धडा घडाघडा म्हणतो. त्याच धड्यातल्या मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं की गप्प. कारण वर्गात ऐकून ऐकून धडा पाठ झालेला. 'प्रश्न'चं 'परशन' करतो, रफार आला की अक्षरच गाळतो. घरी छत्तीसगढी, गल्लीत हिंदी, पुस्तक मराठी. त्याची आई विचारते, "गुर्जी, पोरगा तर रोज शाळेत जाऊन राहिला, मंग वाचता काहून नाही येत?" तिला काय सांगणार? पाचवीच्या गुरुजींना पाचवीचा अभ्यासक्रम संपवायचा असतो, आणि हा पोरगा दुसरीतच अटकलाय.

नापास करा म्हणणारे पुष्कळ भेटतात. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत तशी मुभा राज्यांना मिळालीही. पण त्याच वर्गात बसवून तेच पुस्तक पुन्हा हातात दिलं तर त्याला वाचायला कोण शिकवणार?

सुरुवातीला सांगितलेल्या त्या रोजच्या तासाला करायचं एवढंच. एकेका मुलाला जवळ घेऊन अक्षर, शब्द, छोटा उतारा, गोष्ट यातलं काय वाचता येतं ते बघायचं, त्यावरून गट पाडायचे, आणि काही आठवड्यांनी पुन्हा बघून मूल पुढच्या गटात सरकवायचं. पाचवीतला पोरगा तिसरीच्या पोरांत बसायला लाजतो, हे खरं. त्याच्याकडे खडूची पेटी आणि गोष्टींचे कागद सोपवायचे, लाज दोन-चार दिवसांत जाते.

ही माझी कल्पना नाही. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यात वस्तीतल्याच तरुणींना 'बालसखी' म्हणून नेमून मागे पडलेली मुलं वेगळी शिकवली, आणि ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं त्या अर्थशास्त्रज्ञ बॅनर्जी-डुफ्लो यांनी तपासून फरक पडल्याचं दाखवलं. नंतर हरियाणात सरकारी शिक्षकांनीच वेळापत्रकात तास राखून हे केलं, तिथेही वाचन सुधारलं. मला यातला 'राखून' हा भाग महत्त्वाचा वाटतो. नुसतं प्रशिक्षण देऊन गुरुजींना परत पाठवलं की ते पोर्टलवर माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब आणि बीएलओची म्हणजे मतदार यादीची कामं यांतच बुडतात. गंमत म्हणजे दोनशिक्षकी शाळेत हे सोपं जातं, तिथे वर्ग आधीच एकत्र बसलेले असतात.

आणि याच कायद्याने गरिबाच्या मुलांसाठी ठेवलेल्या खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा? ज्याचा नंबर लागला त्याचं भलं होतं, जरूर अर्ज करा. पण ती सोडत आहे, आणि आठवीनंतर फी पालकांच्याच माथी येते.

तुम्ही पालक असाल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं कायदाच सांगतो. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून जुलैच्या सभेतच हा तास वेळापत्रकात लिहून घ्या. दिवाळीनंतर कुणी ऐकत नाही, तेव्हा सगळे परीक्षेच्या मागे लागलेले असतात.